मोटारखान्याची दुरुस्ती: फोनच्या आणि कामाच्या नोंदी, लातूर

२६ एप्रिल २०२५, शनिवार

सकाळी शटर कमरेइतकं वर आलं आणि तिथंच बसलं. ह्यांनी खालून खांदा लावला, मी उजव्या चॅनलवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारली, तेव्हा कुठं स्कूटर बाहेर निघाली. ऑफिसात पाऊण तास उशीर. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं लावायची आणि घरचं काम आज-उद्यावर ढकलायचं, हे आता पुरे झालं. म्हणून ही वही.

परिस्थिती अशी. खोली ११ बाय १८ फूट, घराला लागून, पण पाया वेगळा. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर मामंजींचा नुसत्या भिंतींवर भरवसा राहिला नव्हता, म्हणून घर कॉलम-बीमवर बांधलं. मोटारखान्याची पाळी आली १९९६ साली, तेव्हा हात आखडला. तीन बाजूंनी विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पुढं ९ बाय ८ चं शटर. आत सध्या एक कार, दोन स्कूटर आणि सोयाबीनची २२ पोती. हमीभाव ४८९२ आणि मोंढ्यात त्याच्या बराच खाली, म्हणून पोती थांबलीत.

दुखणी चार. शटर अडकतं. उजव्या कोपऱ्यात भिंतीला तिरकी भेग आहे, खाली केसाएवढी, वर रुपयाचं नाणं जाईल एवढी. दोन पत्रे फुटलेत, त्यातलं पाणी पोत्यांवर येतं. कोबा उजवीकडं खचलाय. मृग ८ जूनला. त्याआधी सगळं उरकायचं.

२८ एप्रिल, सोमवार

दिवाळीत दुकानदारांनी वाटलेली जाहिरातींची जाडजूड डिरेक्टरी माळ्यावरून काढली. ‘गॅरेज’ या मथळ्याखाली ३१ नंबर. जेवणाच्या सुट्टीत सात फोन लावले.

“गॅरेज दुरुस्तीचं काम होतं.”
“गाडी कोणती, ताई?”

सातांतले पाच मेकॅनिक, एक डेंटिंग-पेंटिंगवाला, एक नंबर बंद. चूक त्यांची नाही. आपल्याकडं गॅरेज म्हणजे जिथं गाडी खोलून ठेवतात ती जागा. जिथं गाडी रात्रभर उभी राहते त्या खोलीला शब्दच नाही, ‘पार्किंग’ म्हणावं तर लोकांना अपार्टमेंटचा तळमजला दिसतो. सासूबाई म्हणाल्या, “मोटारखाना म्हण की सरळ.” म्हणून पाहिलं. पलीकडचा पोरगा म्हणाला, “कारखाना कुठंशी आहे तुमचा, एमआयडीसीत का?”

बार्शी रोडच्या एका मेकॅनिकनं मात्र दोन मिनिटं दिली. म्हणाला, “गॅरेज म्हटलं की आम्हीच येणार पाना घेऊन. शटर म्हणा, नाहीतर पत्रे म्हणा, नाहीतर गवंडी म्हणा.” अख्ख्या दिवसातलं कामाचं वाक्य हेच. संध्याकाळी वहीत तीन रकाने पाडले: शटर, पत्रे-फॅब्रिकेशन, बांधकाम. चौथा रकाना ‘सगळं एकत्र घेणारा गुत्तेदार’. (पुण्याचा भाचा ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतो. आमच्याकडं हैदराबाद संस्थान गेलं, गुत्तेदार राहिला.)

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. कुणी फोन उचलला नाही, आणि उचलला त्यांनी “पुरणपोळी खाऊन बोलू” म्हटलं. घरीही तेच चाललं होतं.

दुपारी फोनवरून माहिती देणाऱ्या एका डिरेक्टरीला फोन केला. बोलणारी मुलगी गोड होती. काम काय, भाग कोणता, बजेट किती, किती दिवसांत हवंय, सगळं विचारून घेतलं. ‘शटर आणि शेड दुरुस्ती, लातूर शहर’ असं मी दोनदा सांगितलं. तिनंही दोनदा वाचून दाखवलं.

२ मे, शुक्रवार

परवा दुपारपासून आज सकाळपर्यंत २३ फोन. पहिला तर मुलीशी बोलणं संपल्यावर सहा मिनिटांत आला. लिहून ठेवते: नऊ शटरवाले, चार फॅब्रिकेशन, तीन मॉड्युलर किचन, दोन गाडीचा विमा, एक पुण्याहून ऑटोमॅटिक गेटवाला, एक नागपूरहून कसलंतरी कोटिंग, तीन ‘मॅडम, आपण चौकशी केली होती’ एवढंच बोलून थांबणारे.

नऊ शटरवाल्यांपैकी एकानं खरं काय ते सांगितलं. “ताई, तुमचा नंबर मला फुकट नाही मिळाला. पैसे भरतो महिन्याला. त्याला लीड म्हणतात. हीच लीड आणखी आठ-दहा जणांना गेलेली असते, म्हणून आम्ही पळत फोन करतो. उशीर केला की गेली.” म्हणजे मी डिरेक्टरीची गिऱ्हाईक नव्हते, तिच्या दुकानातला माल होते. हिशेबाच्या धंद्यात २० वर्षं काढून हे मला शटरवाल्यानं शिकवावं!

५ मे, सोमवार

डिरेक्टरीला पुन्हा फोन केला. माझा नंबर आणखी वाटू नका, ही एक मागणी. दुसरा प्रश्न, नावापुढं ‘व्हेरिफाइड’ लिहिता ते नेमकं काय तपासून? अर्धा तास तीन जणांकडं फिरवल्यावर उत्तर मिळालं: मोबाइल नंबर ओटीपीनं तपासतात, दुकानाचा पत्ता आणि फोटो घेतात. त्यानं कधी शटर बसवलं का, बसवलेलं शटर वर्षभर टिकलं का, याचा त्याच्याशी संबंध नाही. खोटं नाही म्हणायचं, पण मी त्या शब्दाचा अर्थ भलताच मोठा धरून बसले होते.

नंबर काढतो म्हणाले. चार दिवस लागतील.

१० मे, शनिवार

आठवडाभरात पाच जण येऊन माप घेऊन गेले. तिघांनी आधी विचारलं, “साहेब आहेत का घरी?” साहेब ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

भाव ऐकून पहिल्यांदा डोकं फिरलं. एकजण २३० रुपये फूट, दुसरा २७०. मी २३० वाल्यावर खूण करून ठेवली होती, मग दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. पहिल्यानं माप धरलं साडेनऊ बाय साडेनऊ, कारण वर पट्ट्या गुंडाळतात तो दीड फूट आणि चॅनलमध्ये शिरणारी बाजू तो मोजतो. दुसऱ्यानं नुसतं उघडं तोंड मोजलं, ९ बाय ८. म्हणजे सव्वानव्वद फूट आणि बहात्तर फूट. एकाचे होतात २०,७५७, दुसऱ्याचे १९,४४०. महाग दिसणारा तेराशेनं स्वस्त. त्यातही एकाच्या पट्ट्या २० गेजच्या, दुसऱ्याच्या १८ च्या, आणि गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड. फोनवर “फूट काय भावानं?” विचारण्यात काही अर्थ नाही, माप कसं धरणार हे आधी विचारायचं.

सगळं काम एकत्र घेणाऱ्या एकानं ४८,६०० अधिक १८ टक्के जीएसटी असा कागद दिला. मी जीएसटी नंबर मागितला. “अजून काढला नाही, मॅडम.” नोंदणी नाही तर तो कर गोळाच करता येत नाही, हे मी रोज लोकांना सांगते. म्हटलं, “मग हे ८,७४८ कुणाच्या खात्यात जाणार?” ते चहा अर्धा ठेवून उठले.

खटकलं ते वेगळंच. पाचही जणांनी शटर बदला म्हटलं, पत्रेवाल्यांनी पत्रे बदला म्हटलं. भेग सगळ्यांनी पाहिली. “ते गवंड्याचं काम” म्हणून सगळ्यांनी सोडून दिली. डिरेक्टरीही तशीच लिहिलेली असते, विकायच्या मालावरून. ‘कोपरा खचलाय’ अशा मथळ्याखाली कुणाचाच नंबर नाही.

११ मे, रविवार

कोबा राहिलाच होता, म्हणून जाड डिरेक्टरीतल्या ‘टाइल्स-मार्बल’ पानावर गेले. तिसरा फोन. मी शटरापासून सगळं रामायण सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांत, मग विचारलं, “ताई, शटर उन्हाळ्यात धरतंय का पावसाळ्यात?”

मला उत्तर येईना. फोन धरूनच ह्यांना विचारलं. मग आठवत गेलं. गणपतीत शटर बोटानं वर जातं. दसऱ्याला गाड्यांची पूजा करताना त्यालाही ग्रीस लागतं, आणि ते छान चालतं, आम्ही श्रेय ग्रीसला देतो. होळीनंतर कुरकुर, वैशाखात बंद. दरवर्षी.

“मग शटरला काही झालेलं नाही. मी परवा सकाळी येऊलालो. पत्ता सांगा.”

१३ मे, मंगळवार

टाइल्सवाले काका साडेसातला आले, साठीच्या पुढचे. मूळचे गवंडी, गुडघे गेल्यावर फरशीत उतरले. शटरकडं बघितलंही नाही. आधी घराभोवती फिरले. गच्चीचा पाइप कुठं सुटतो ते पाहिलं: बरोब्बर उजव्या कोपऱ्याच्या मुळाशी, गेली २९ वर्षं. तिथून सहा फुटांवर कडुनिंब. मग ओळंबा सोडला. शटरचा उजवा खांब आठ फुटांत चार सूत बाहेर, म्हणजे अर्धा इंच. “चॅनल खांबाला धरूनय. खांब झुकला की चॅनल झुकणार, पट्ट्या घासणार. नवीन शटर टाकलं असतं तर पुढच्या होळीला तेबी धरलं असतं.”

कोपऱ्यात दोन फूट खड्डा घेतला. वर मुरमाचा पातळ थर, खाली नुसती काळी. ढेकूळ हातात दिलं, दगडासारखं. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही चहा प्यायलो. परत आलो तर लोण्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, “रानात हेच बघत जन्म गेला. घराखालीपण तीच माती, हे ध्यानातच आलं नाही.”

रात्री भाच्यानं फोनवर फोड करून सांगितलं. आपल्या बेसाल्टची झीज होऊन झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. पावसाळ्यात पाइपाचं पाणी कोपरा उचलतं, उन्हाळ्यात ऊन आणि कडुनिंबाची मुळं तोच कोपरा कोरडा करून खाली बसवतात. घराचे कॉलम खोल गेलेत, ते हलत नाहीत. मोटारखान्याचा पाया अडीच फुटांवर संपतो, तो दरवर्षी वरखाली होतो. उपाय त्यानंही मुरमाचाच सांगितला. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर दाबून बसवायची पद्धत दिली, आणि ती कालव्यांच्या अस्तरासाठी वापरली गेली. टाइल्सवाल्या काकांनी कट्टींचं नाव ऐकलेलं नव्हतं. मुरूम कसा दाबायचा ते दोघांनीही एकच सांगितलं: सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मसानं.

कडुनिंब तोडू का, हे काकांना सकाळीच विचारलं होतं. ठाम नको म्हणाले. झाड पाणी ओढायचं थांबलं की तीच माती हळूहळू फुगत राहते आणि भिंत उलटी उचलते.

जाताना काकांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवला. बारीक अंतर मोजायचा, भाच्याचा आयटीआयच्या दिवसांतला व्हर्नियर कपाटात होता. आजचं अंतर ६२.४ मिलिमीटर.

१६ मे, शुक्रवार

क्रम ठरला, आणि तो आमचा आम्हीच ठरवला. आधी पाइप वळवून नालीत, मग मुरूम आणि उताराचा कट्टा, मग पत्रे, शेवटी शटर. भेग यंदा बुजवायची नाही. काका बांधकाम बघणार. पत्रे आणि शटर त्या ‘लीड’वाल्याला दिलं, कारण खरं बोलणारा तोच एक भेटला होता, आणि “पट्ट्या चांगल्यात, चॅनल, स्प्रिंगा आणि बेअरिंग बदलू, बाकी कशाला?” असं त्यानं स्वतःहून म्हटलं. कागदावर लिहून घेतलं: उचल तीस टक्के, बाकी टप्प्यानं, काकांचे ५,००० राखून.

१९ मे, सोमवार

पत्रे उतरवले. पोरं घणानं फोडून खाली टाकणार होती, मी अडवलं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे धागे असतात, फोडले किंवा कोरडं ग्राइंडर लावलं की धूळ उडते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. होजनं भिजवून, जे-हूकचे नट ढिले करून पत्रे अख्खे उतरवायला लावले. गंजलेले हूक करवतीनं कापले. एक दिवस जास्त गेला. मजुरांना मास्क दिले, ते अर्ध्या तासात गळ्यात आले.

२१ मे, बुधवार

काल रात्री पाऊस. मे महिन्यात, असा! वर पत्रे नाहीत, ताडपत्री एकच. बारा वाजता २२ पोती हॉलमध्ये आणली, सोफा उभा केला. दोन पोती खालून ओली. त्यातली एक बियाणासाठी निवडून ठेवलेली होती.

२७ मे, मंगळवार

मान्सून २४ लाच केरळात आणि काल मुंबईत. मृगाच्या आधी उरकायचं म्हणून आम्ही आखणी केली, मृगानं वाटच पाहिली नाही. कोपऱ्यातला चर पाण्यानं भरलाय. काकांनी फोनवरच सांगितलं, “त्यात मुरूम टाकू नका. चिखल होईल, दाबला जायचा नाही. पंप लावा आणि उघडीप बघा.” पंप भाड्यानं आणला. हॉलमध्ये सोयाबीनचा वास.

४ जून, बुधवार

चार दिवसांच्या उघडिपीत बाहेरच्या दोन बाजूंनी तीन फूट रुंद, दोन फूट खोल माती काढली. १७४ घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रास. दाबून बसतो म्हणून मुरूम अडीच ब्रास मागवला, थोडासाच उरला. वर चार इंच काँक्रीट, भिंतीकडून बाहेर उतार. पाइप चार इंची पीव्हीसीनं थेट नालीत. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, फोटोत दिसतही नाही, आणि पैसे सगळ्यात जास्त इथंच गेले.

६ जून, शुक्रवार

रंगीत पत्रे चढले. उद्या बकरी ईद, फॅब्रिकेटर तीन दिवस सुट्टीवर. पोती अजून हॉलमध्येच.

११ जून, बुधवार

शटर. जुन्या स्प्रिंगांचा ताण उतरवल्याशिवाय शटर गुंडाळायच्या पाइपाला हात लावायचा नाही, हे त्यानं पोराला तीनदा सांगितलं. तरी पोरगं पान्यावर वाकलंच. पाइप एक गिरकी घेऊन थांबला, पाना भिंतीवर आदळला. कुणाला लागलं नाही. पाच मिनिटं सगळे नुसते उभे होते.

नवीन चॅनल खांबाला थेट वेल्ड केलं नाही. लांबट भोकं पाडून बोल्टवर बसवलं, म्हणजे खांब पुन्हा हलला तर बोल्ट ढिले करून सरळ करता येईल. ही कल्पना काकांची. फॅब्रिकेटरनं आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, “हे मी दुसरीकडंबी करणार.” चॅनल, दोन स्प्रिंगा, बेअरिंग, मजुरी: ७,८००. बिल दिलं, विनाजीएसटी, आणि ते बरोबर होतं.

१९ जून, गुरुवार

जाड डिरेक्टरीच्या छापणाऱ्यांना फोन केला. मी लावलेल्या नंबरांचा तक्ता तयारच होता: बंद किती, चुकीच्या पानावर किती. ‘गॅरेज’ मधून शटर-शेडवाले वेगळे काढा, आणि टाइल्सच्या पानावरच्या काकांना बांधकाम दुरुस्तीतही घाला, असं सुचवलं. त्यांनी विचारलं, “आपली फर्म कोणती?” फर्म नाही म्हटल्यावर कळलं की बदल फक्त जाहिरातदाराच्या सांगण्यावरून होतो. मला मात्र अकाउंटिंगच्या पानावर चौथाई जागा सवलतीत देऊ केली.

काकांना सांगितलं. म्हणाले, नको, टाइल्सच्या फोनांनीच गुडघे भरून येतात.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आज आल्या. शटर बोटानं वर गेलं. पण गणपतीत ते नेहमीच जातं, त्यामुळं याला पुरावा धरत नाही. व्हर्नियर ६१.१. मेपेक्षा भेग १.३ मिलिमीटरनं मिटलीय, म्हणजे खालची माती अजून पाणी पितेय, निदान आतल्या बाजूनं. मागच्या वर्षी किती मिटली होती ते मोजलेलं नाही, त्यामुळं तुलना पुढच्या वर्षीच.

काकांना ५,००० न्यायला बोलावलं होतं. चहा घेतला, स्क्रू बघितले, पैसे मोजलेच नाहीत. “होळीनंतर द्या. त्याच्या आधी मलाबी काय कळायलंय?”

पुढचं माप दिवाळीनंतर. दोन्ही ओली पोती परवा मोंढ्यात गेली, पशुखाद्याच्या भावानं.